गाडी तापते, पण नेमकी कधी? लिक्विड कूल्ड मोटरसायकलचं कूलिंग तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत

मीटरवर तापमानाचा दिवा लागला की पहिला सल्ला बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: कूलंट (इंजिनमधून फिरून उष्णता रेडिएटरकडे नेणारा द्रव) बदलून टाका. कूलंट बदललं जातं, आठवडाभर बरं चालतं आणि दिवा पुन्हा लागतो. कूलंट कमी झालं होतं ते कुठून तरी गेलं म्हणून, आणि ते कुठून गेलं हे कुणी पाहिलेलंच नसतं. रेडिएटर असलेल्या गाड्या आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. २००८ मध्ये यामाहाची आर१५ आली, २०१२ मध्ये पल्सर एनएस२००, २०१३ मध्ये ड्यूक ३९०, आणि २०२३ मध्ये तर रॉयल एनफिल्डनेही हिमालयन ४५० मध्ये रेडिएटर बसवला. या सगळ्या एकाच सिलिंडरच्या गाड्या आहेत आणि कूलिंगची मांडणी जवळपास सारखीच आहे. पुढची रीत त्यांच्यासाठी आहे. नेमके आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, तिथे तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल म्हणेल ते खरं.

आधी एक खातरजमा. गाडी खरंच जास्त तापते आहे का?

थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला उघडायला लागतो. फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०५ अंशांच्या मध्ये कुठेतरी सुरू होतो. म्हणजे मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात सिग्नलवर फॅन वारंवार लागणं, फॅनची गरम हवा मांडीवर येणं, तापमानाची पट्टी दोन घरं वर जाऊन पुन्हा खाली येणं, यातलं काहीही बिघाडाचं लक्षण नाही. फॅन चालू असूनही पट्टी खाली येत नसेल, लाल दिवा लागत असेल, रिझर्व्ह टाकीत (कूलंटची छोटी जादा टाकी, पेट्रोलची नव्हे) उकळ्या फुटत असतील किंवा गोडसर वासाची वाफ येत असेल, तर मात्र गाडी तापते आहे.

कधी तापते यावरून अर्धा दोष कळतो

पाना हातात घेण्याआधी हा प्रश्न विचारा, कारण याचं उत्तर फुकट मिळतं.

फक्त ट्रॅफिकमध्ये तापते आणि ६०च्या वेगाने पळवली की दोन मिनिटांत पट्टी खाली येते: रेडिएटरमधून हवा खेचली जात नाही. फॅन, त्याचा फ्यूज, रिले (फॅनची वीज चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर, इथेच शोधा. वॉटर पंपाला हात लावू नका.

हायवेवर, एका वेगात पळतानाही तापते: वारा भरपूर आहे, म्हणजे कूलंट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. थर्मोस्टॅट, पंप, गाळाने भरलेल्या नळ्या, चिखलाने बुजलेल्या फिन्स (रेडिएटरच्या जाळीतल्या पातळ पट्ट्या).

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच दिवा लागतो: कूलंट फार कमी आहे, हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे.

सपाटीवर ठीक आणि घाट चढताना, मागे माणूस आणि सामान असताना तापते: कूलिंग काठावर चाललं आहे. अर्धा बुजलेला रेडिएटर, जुनं कूलंट, किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) जायला झालेली सुरुवात. खंबाटकी किंवा कसारा चढताना इंजिनवर भार जास्त आणि वेग कमी असतो, त्यामुळे सपाटीवर लपलेला दोष तिथे उघडा पडतो.

कूलंट दर महिन्याला थोडं थोडं कमी होतं, पण खाली थेंबही दिसत नाही: ते एकतर झाकणातून वाफ होऊन जातंय, नाहीतर इंजिनच्या आत. हा सगळ्यांत फसवा प्रकार आहे, त्याकडे पुढे येऊ.

वाटेत दिवा लागला तर

बाजूला घ्या, इंजिन बंद करा. काही गाड्यांत किल स्विचने इंजिन बंद करून चावी चालू ठेवली तर फॅन फिरत राहतो. तसं असेल तर दोन-चार मिनिटं फिरू द्या, बॅटरी संपेपर्यंत नको. गरम इंजिनवर किंवा रेडिएटरवर थंड पाणी ओतू नका. तापलेल्या ॲल्युमिनियमला एकदम थंड केलं की ते वाकतं आणि जिथे फक्त कूलंट घालायचं होतं तिथे हेड खोलावं लागतं.

रेडिएटरचं झाकण निदान पाऊण तास तरी उघडू नका. आतलं पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसतं ते फक्त दाबामुळे, कुकरसारखं. झाकण फिरवताक्षणी ते सगळं एकदम उकळतं आणि थेट चेहऱ्यावर येतं. रेडिएटरला हात ठेवता आला, तरच झाकणावर जाड फडकं टाकून पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, सुस्कारा संपू द्या आणि मग पूर्ण काढा. कूलंट जवळ नसेल तर बाटलीबंद पिण्याचं पाणी घालून हळू चालवत घरी पोचायला हरकत नाही. नंतर ते काढून टाकायचं आहे हे विसरू नका.

थंड गाडीवर पहिली पाहणी

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. गाडी सरळ धरा, साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते.

रिझर्व्ह टाकी पाहा, आणि मग रेडिएटरचं झाकण काढून आतही पाहा. निम्मे लोक फक्त टाकी पाहतात. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला असायला हवा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल, तर गाडी गार होताना टाकीतलं कूलंट परत ओढलं जात नाही. कारणं दोनच: झाकणाची व्हॅक्यूम झडप बिघडली आहे, किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली, निघाली किंवा मुडपली आहे. चिरलेल्या नळीतून कूलंटऐवजी हवा आत जाते. नळी काही रुपयांची असते आणि तिच्यापायी हेड गॅस्केट जाऊ शकतं.

झाकण हा या व्यवस्थेतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. त्यावर १.१ किंवा १.४ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२१ अंशांना उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर १०० लाच. लेहच्या उंचीवर, ३,५०० मीटरवर, उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे फॅन लागायच्या आधी. लडाखला निघणाऱ्याने टायरइतकंच झाकणाकडे लक्ष द्यावं. खालचं रबर कडक झालंय, कापलंय, त्यावर धातूच्या कडेचा खोल ठसा उमटलाय किंवा मधली छोटी झडप बोटाने ओढल्यावर परत बसत नाही, तर झाकण बदला. तपासायचा पंप जवळ नसेल तर संशय आला की बदलणं स्वस्त पडतं. आकडा तोच हवा. जास्त दाबाचं झाकण लावून तापणं थांबत नाही, होज (कूलंटच्या जाड रबरी नळ्या) आणि रेडिएटरचे जोड मात्र फुटतात.

आता होज. क्लॅम्पपाशी पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पूड साचली असेल तर तिथून गळती आहे. गरम असताना थेंब पडतो आणि लगेच वाळतो. होज दाबून पाहा: भाकरीच्या पिठागत मऊ झालेला आणि करकरणारा, दोन्ही बदलायचे. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून कूलंट येत असेल तर पंपाचं मेकॅनिकल सील गेलं, ऑइल येत असेल तर ऑइल सील. ते छिद्र एम-सीलने बुजवण्याचा उद्योग करणारे महाभाग आहेत. असं केलं की बाहेर येणारं कूलंट वाट बदलून इंजिन ऑइलमध्ये जातं.

फॅन

चावी बंद. पातं बोटाने फिरवा. मोकळं फिरायला हवं. पावसाळ्यानंतर चिखलाने मोटर जाम होणं नेहमीचं. जाम मोटर जास्त करंट ओढते आणि फ्यूज उडवते. म्हणून उडालेला फ्यूज बदलण्याआधी पातं फिरवून पाहायचंच. फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. मोठा घालू नका, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

फॅनचा कनेक्टर काढून मोटरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट द्या. फिरला नाही, तर मोटर गेली. फिरला, तर दोष मोटरपर्यंत वीज येण्याच्या वाटेत कुठेतरी आहे. रिले असेल तर त्याच मापाचा दुसरा रिले अदलाबदल करून पाहा.

जुन्या पद्धतीच्या गाडीत रेडिएटरवर दोन पिनांचा थर्मल स्विच असतो: चावी चालू करून त्याच्या दोन वायरी जोडल्या की फॅन फिरायला हवा. फिरला म्हणजे स्विच खराब. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर तापमान ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) कळवतो आणि फॅन ईसीयू लावतो. अशा बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर काढून चावी चालू केली की ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन लावून टाकतो आणि इंजिनचा दिवा लावतो. तसं झालं तर फॅन, फ्यूज आणि वायरिंग तिन्ही ठीक आहेत, संशय सेन्सरवर. मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजा: २० अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास, असा उतरता आकडा बहुतेक सेन्सर दाखवतात. गरम पाण्याच्या भांड्यात धरून तो सरळ उतरतो का हे पाहायचं. मध्येच उडी मारत असेल तर बदला.

एक चूक हमखास दिसते. अपघातानंतर किंवा नवी मोटर बसवताना दोन वायरी उलट लागतात. फॅन फिरतो, आवाजही येतो, पण हवा पुढे फेकतो. गाडी पळताना येणाऱ्या वाऱ्याशी ती भांडते आणि तापमान काही उतरत नाही. रेडिएटरपुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे.

रेडिएटर

बाहेरून आधी. फिन्समध्ये अडकलेली माती, किडे आणि गवत मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, साध्या नळाच्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला की फिन्स झोपतात आणि वॉशिंग सेंटरवरून चकाचक होऊन आलेली गाडी आधीपेक्षा जास्त तापते. वाकलेल्या फिन्स पातळ प्लास्टिकच्या पट्टीने एकेक सरळ करा. जाळीचा पाचवा भाग तरी कायमचा दबला असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. दगडापासून वाचायला लावलेली बारीक भोकांची गार्ड जाळी काढूनही एकदा चालवून पाहा. काही गार्ड दगडापेक्षा वारा जास्त अडवतात.

आतून बुजलेला रेडिएटर डोळ्याला दिसत नाही, मोजल्यावर कळतो. गाडी पूर्ण तापल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीवर जागोजागी मोजा. शेजारच्या पट्टीपेक्षा एकदम गार लागणारी पट्टी म्हणजे तिथल्या नळ्यांतून कूलंट जात नाही. मग दोन्ही होज मोजा. इंजिनकडून येणारा गरम आणि परतीचा जेमतेम कोमट, तर प्रवाह मंद आहे: पंप किंवा बुजलेल्या नळ्या. दोन्ही जवळपास सारखेच तापलेले, तर कूलंट फिरतंय पण उष्णता सोडत नाही: फॅन किंवा बाहेरची घाण. इंजिन लालेलाल आणि रेडिएटर थंडगार, तर थर्मोस्टॅट.

नळ्या बुजतात त्या बोअरच्या पाण्याने. त्यातला चुना तापून आत पांढरा थर धरतो, आणि हा थर उष्णता अडवतो. गळती थांबवायला ट्रक आणि जीपच्या रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना उपाय आहे. तिथल्या रुंद नळ्यांत तो खपून जातो. मोटरसायकलच्या बारीक नळ्यांत हळद काय आणि बाटलीतली स्टॉप-लीक पावडर काय, गळतीबरोबर वाटही बंद करते.

थर्मोस्टॅट आणि पंप

थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात टांगा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. पाणी हळू तापवा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या तीन-चार अंश अलीकडे-पलीकडे झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळण्याच्या सुमारास ती काही मिलिमीटर स्पष्ट उघडलेली दिसली पाहिजे. गार झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. नवा बसवताना ओ-रिंगही नवी, आणि अंगावर बारीक हवेचं छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला.

"थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे कुठे थंडी आहे" हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. इंजिन गरमच होत नाही, ईसीयू ते थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं.

पंप पाहायचा तर थंड गाडीचं झाकण काढून इंजिन सुरू करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गळ्यात पाहत राहा. डोळ्यावर चष्मा हवा. थर्मोस्टॅट उघडला की कूलंट हलताना, वाहताना दिसलं पाहिजे आणि हलकं ॲक्सिलरेटर दिल्यावर ते वाढलं पाहिजे. पातळी वर चढायला लागली की लगेच झाकण लावा. प्रवाह दिसला नाही तर पंपाचं कव्हर खोला. इम्पेलरची (पंपातलं कूलंट ढकलणारं चाक) पाती झिजलेली, तुटलेली किंवा इम्पेलर शाफ्टवर सैल फिरणारा सापडतो. सील बदलायला शाफ्ट काढावाच लागतो. मेकॅनिकल सील आणि ऑइल सील दोन्ही एकदमच बदला, एक बदलून दुसरं ठेवलं तर तीच मजुरी पुन्हा पडते.

हेड गॅस्केट

वरचं सगळं ठीक आणि तरीही कूलंट जातंय, तर इथे या. थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच, ते तापायच्या आधीच, रेडिएटरच्या गळ्यात सतत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असतात, न थांबणारे पाहा. निळ्या द्रवाचा टेस्टर गळ्यावर धरल्यावर निळा पिवळा झाला तर शंका उरत नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ तपकिरी लेप, सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर पांढरा धूर, प्लगचं टोक विलक्षण स्वच्छ, ही बाकीची चिन्हं. पावसाळ्यात लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा पांढरा लेप दमटपणामुळेही येतो. डिपस्टिकवरचं किंवा काचेतून दिसणारं ऑइलही दुधाळ असेल तरच घाबरा. मात्र दुधाळ ऑइल पंपाच्या सीलमुळेही होतं, त्यामुळे हेड उतरवायच्या आधी ते सील तपासा. हेड खोललंच तर ते वर्कशॉपमध्ये सपाट आहे का हे मोजून घ्या; वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही. हे काम घरी करायचं नाही, टॉर्क पाना आणि टायमिंग जुळवण्याचा हात हवा.

कूलंट भरणं आणि हवा काढणं

निम्म्या "दुरुस्त करूनही तापते" तक्रारी इथून येतात.

तयार मिश्रण आणा, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं पाणी चालतं. आरओचं आणि बोअरचं नको. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतलं की "जास्त कूलिंग" मिळतं हा गैरसमज आहे: ग्लायकॉल पाण्याच्या साधारण निम्मीच उष्णता वाहून नेतं, आणि शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, तर निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग आहे, आतलं रसायन बाटलीवर वाचा. वेगवेगळ्या जाती मिसळल्या की काही वेळा जेलीसारखा गाळ होतो.

पंपाखालचा ड्रेन बोल्ट आणि मग झाकण काढून जुनं काढा. रिझर्व्ह टाकीही रिकामी करा. डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी तापवा, गार करा, सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं, आणि बोल्ट ६ मिलिमीटरचा असेल तर टॉर्क पान्याने साधारण १० न्यूटन-मीटरवर आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जोर लावला की जातात. मग:

१. गाडी सरळ उभी करा आणि रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच राहील असं पुढचं चाक फळीवर चढवा.
२. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडण्याचा स्क्रू) असेल तर सैल करा. बारीक धारेने, थांबत थांबत भरा. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय कूलंट आलं की तो आवळा.
३. दोन्ही होज हाताने दाबत-सोडत राहा, गाडी डावी-उजवी हळू कलती करा. पातळी उतरेल, भरा.
४. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलिंगवर चालवा. मध्येच दोन-तीन हलके ॲक्सिलरेटर. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक बसते, तेव्हा भरा. वर चढायला लागली की झाकण लावा.
५. फॅन एकदा लागून आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवा. तो बंद झाला म्हणजे व्यवस्था चालते आहे.
६. टाकी दोन खुणांच्या मध्ये भरा. वरच्या खुणेपलीकडे भरलेलं फुगून बाहेरच येतं.
७. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी झाकण काढून गळ्यात पाहा. उतरलं असेल तर भरा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा पाहा.

बहुतेक २०० ते ४०० सीसी गाड्यांत एक लिटर ते दीड लिटरच्या आत मावतं. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा पाव लिटर कमी गेलं असेल तर ते मावलेलं नाही, तिथे हवा बसली आहे.

कूलिंगमध्ये काहीच सापडलं नाही, तर उष्णता जास्त निर्माण होते आहे का ते पाहा: ऑइल कमी किंवा जुनं, मागचा ब्रेक घासतोय, क्लच घसरतोय, चेन ताणलेली, इनटेकच्या रबरला चीर पडून जास्त हवा शिरतेय आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ झालंय. स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवलं की ब्रेक आणि चेनचा निकाल मिनिटात लागतो.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांच्या मूत्रपिंडांना पुरतं. झाकणाच्या डब्यात भरा, वर चिठ्ठी लावा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा.